गोल्फ गेमच्या फॅनने बनवलेला कोर्स थेट जमिनीवर उतरला, ही भानगड नेमकी काय आहे?

कोर्स म्हटलं की आपल्याकडे आधी एमएस-सीआयटी आठवतो. पण जगात अशी बरीच माणसं आहेत जी ऑफिसमधून घरी आली, जेवणं आटोपली की कॉम्प्युटर लावून ‘कोर्स’ बनवत बसतात. हा कोर्स म्हणजे गोल्फचं मैदान, तेही गेममधलं. त्याचे पैसे मिळत नाहीत. तरीही एकेका कोर्सवर महिनोनमहिने घालवतात. आणि वर्ष संपत आलं की हीच मंडळी यंदाचा सगळ्यात भारी कोर्स कुणाचा यावरून तावातावाने वाद घालतात.

ऐकायला रिकामटेकडेपणा वाटेल. पण अशाच एका फॅनने गेममध्ये बनवलेला कोर्स अमेरिकेतल्या लोकांना इतका पटला की त्यांनी खरे बुलडोझर लावले आणि दुसऱ्या महायुद्धात पुसलं गेलेलं मैदान पुन्हा उभं केलं.

तर विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

मैदान ‘बनवायचं’ म्हणजे काय?

क्रिकेटची पिच वानखेडेवर असो नाहीतर गावच्या मैदानावर, लांबी २२ यार्डच. गोल्फमध्ये तसं नसतं. एका पूर्ण कोर्सवर साधारण १८ होल असतात आणि प्रत्येक होलची लांबी, वळण, चढउतार वेगळा. पहिला फटका मारतात ती जागा टी, मधला कापलेल्या गवताचा पट्टा फेअरवे, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर आणि शेवटी झेंडा असलेला बारीक गवताचा भाग म्हणजे ग्रीन. हे सगळं कुठे ठेवायचं, हे कोर्स डिझाइन करणारा ठरवतो. म्हणजे गोल्फमध्ये मैदान हाच अर्धा खेळ आहे.

म्हणूनच गोल्फच्या गेम्समध्ये मैदान बनवायची सोय फार लवकर आली. १९८६ च्या ‘मीन एटीन’ या गेममध्येच ती होती. २००० साली आलेल्या ‘लिंक्स २००१’ मध्ये प्रसिद्ध गोल्फर अर्नोल्ड पामरच्या नावाने डिझायनर दिला गेला आणि फॅन्सनी त्यावर कोर्सेसचा ढीग लावला. २०१४ मध्ये कॅनडाच्या एचबी स्टुडिओजने ‘द गोल्फ क्लब’ आणला. त्याच मालिकेचं पुढे ‘पीजीए टूर २के’ झालं. यात माऊसने डोंगर उचलता येतो, जमीन खाली दाबता येते, ब्रशने रंग द्यावा तसं गवत पसरता येतं. कोर्स पब्लिश केला की जगातला कुणीही तो डाउनलोड करून खेळू शकतो.

फॅन्सचे दोन प्रकार

पहिला प्रकार खऱ्या मैदानाची नक्कल करणाऱ्यांचा. याला कारण लायसन्सचं. ज्या क्लबशी कंपनीचा करार होतो तेच मैदान अधिकृतपणे गेममध्ये येतं. मास्टर्स स्पर्धा जिथे होते ते ऑगस्टा नॅशनल ‘ईए स्पोर्ट्स’च्या २०२३ च्या गेममध्ये होतं, पण त्या गेममध्ये कोर्स बनवायची सोय नव्हती. दुसरीकडे ‘२के’मध्ये डिझायनर होता, पण ऑगस्टा नव्हतं. मग फॅन्सनी काय केलं? ऑगस्टासारखंच मैदान बनवून भलत्याच नावाने टाकलं.

नक्कल करणाऱ्यांच्या मदतीला लायडार आलं. विमानातून जमिनीवर लेझर सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून जमिनीचे चढउतार काढायचे, असं हे तंत्र. अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा हा डेटा फुकट मिळतो. फॅन्सनी असे टूल्स बनवले की हा डेटा थेट गेममध्ये घालता येतो.

दुसरा प्रकार मनातलं मैदान बनवणाऱ्यांचा. इथे खर्च नाही, परवानगी नाही, पाण्याचा निचरा बघायची गरज नाही. ज्वालामुखीच्या तोंडाशी ग्रीन ठेवा, कुणी अडवत नाही.

मग आवडता कोर्स ठरतो कसा?

गंमत म्हणजे ज्वालामुखीवाला कोर्स एकदा खेळून लोक विसरतात. आवडत्यांच्या यादीत टिकतात ते कोर्स वेगळे असतात.

पहिली गोष्ट, पर्याय. टीवर उभं राहिल्यावर खेळाडूला प्रश्न पडला पाहिजे. पाण्यावरून मारून शॉर्टकट घ्यायचा की लांबून, सुरक्षित जायचं? दोन्हीचा फायदा आणि तोटा सारखाच खरा वाटला पाहिजे. एकच वाट असेल तर ते मैदान नाही, बोगदा झाला.

दुसरी गोष्ट, ग्रीनचा उतार. नवशिक्या डिझायनरला वाटतं की उतार जास्त दिला की कोर्स अवघड होतो. पण ग्रीन वेगवान ठेवलं तर तोच चेंडू झेंड्याजवळ थांबतच नाही, घरंगळत खाली जातो. अवघड आणि अन्यायी यातला फरक ज्याला कळतो तो खरा डिझायनर.

तिसरी गोष्ट, आवर. झाडं, दगड, घरं किती ठेवता येतील याला गेममध्ये मर्यादा असते. पहिल्या होलवर जंगल उभं केलं तर शेवटच्या होलपर्यंत झाडं संपलेली असतात.

आणि चौथी, क्रम. सलग चार होलवर एकाच दिशेने वारा आणि एकाच लांबीचा फटका आला तर दिसायला कितीही देखणा कोर्स कंटाळवाणा होतो.

आता ती बुलडोझरवाली गोष्ट

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लिडो नावाचा कोर्स होता. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डने तो डिझाइन केला, इंजिनिअर सेथ रेनर सोबत होता. १९१४ मध्ये काम सुरू झालं. जागा दलदलीची, त्यामुळे पाण्याच्या तळातली वाळू पंपाने उपसून टाकली आणि तिच्यातून मैदान घडवलं. म्हणजे आज फॅन्स माऊसने जे करतात ते मॅकडोनाल्डने पंपाने केलं, सपाट जागेवर हवी तशी जमीन उभी केली.

त्याचा चौथा होल ‘चॅनल’ नावाने गाजला. लांबचा रस्ता सोपा, जवळचा रस्ता पाण्यापलीकडच्या अरुंद पट्ट्यावरून. अठराव्या होलची गोष्ट तर आजच्या फॅन्सना आपली वाटेल. ‘कंट्री लाइफ’ या इंग्लिश मासिकाने १९१४ मध्ये होल डिझाइन करायची स्पर्धा ठेवली होती. ती जिंकली अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी नावाच्या एका डॉक्टरने. त्याच्या चित्रावरून लिडोचा शेवटचा होल बनला. हाच मॅकेन्झी पुढे बॉबी जोन्ससोबत ऑगस्टा नॅशनलचा डिझायनर झाला.

दुसऱ्या महायुद्धात ती जागा अमेरिकन नौदलाने घेतली आणि कोर्स संपला. नंतर जवळच त्याच नावाचं दुसरं मैदान झालं, पण ते मूळ लिडो नव्हे. गोल्फच्या इतिहासात ‘गेलेला सगळ्यात चांगला कोर्स’ म्हणून लिडोचं नाव घेतलं जाऊ लागलं.

इथे एन्ट्री होते पीटर फ्लोरीची. हा व्यवसायाने कोर्स डिझायनर नव्हता, जुन्या मैदानांच्या इतिहासाचं वेड असलेला हौशी खेळाडू होता. त्याने ‘द गोल्फ क्लब’ मालिकेच्या डिझायनरमध्ये लिडो बनवायला घेतला. पण लायडार अस्तित्वात नसलेल्या जमिनीचं होत नाही. हाताशी होते जुने फोटो, विमानातून काढलेली छायाचित्रं, नकाशे आणि त्या काळातले लेख.

यात गेमचा मोठा उपयोग असतो. कागदावरचा नकाशा फक्त वरून दिसतो. गेममध्ये मात्र जुना फोटो जिथून काढला तिथे कॅमेरा नेऊन दोन्ही चित्रं शेजारी ठेवता येतात. टेकडी फोटोपेक्षा उंच दिसते? खाली दाबा. बंकरचा काठ जुळत नाही? पुन्हा करा. शिवाय चेंडू मारूनही बघता येतो.

विस्कॉन्सिन राज्यात सँड व्हॅली नावाचा गोल्फ रिसॉर्ट आहे, मायकेल आणि क्रिस कायझर या भावांचा. त्यांच्याकडे वाळूची जमीन होती. फ्लोरीचं काम बघून त्यांनी लिडो खरोखर बांधायचं ठरवलं आणि काम टॉम डोक या नामवंत डिझायनरकडे दिलं. फ्लोरीच्या मॉडेलचं मोजमापात रूपांतर झालं, ते जीपीएसवर चालणाऱ्या यंत्रांना दिलं गेलं आणि वाळू हलली. बारीक आकार शेवटी डोकच्या माणसांनी हाताने घडवले. २०२३ मध्ये हा कोर्स सुरू झाला.

अर्थात विस्कॉन्सिनमध्ये समुद्र नाही, त्यामुळे मूळ लिडोवरची लाट आणि खारा वारा परत येणार नव्हता. तो मुख्यतः खासगी क्लब आहे, रिसॉर्टच्या पाहुण्यांना मर्यादित प्रवेश मिळतो. म्हणजे गेममधला लिडो जितक्या लोकांना खेळता येतो, तितक्यांना खरा खेळता येणार नाही.

पण एक अडचण आहे

‘लिंक्स’च्या काळात कोर्स म्हणजे एक फाइल असायची. तो गेम बनवणारा स्टुडिओ २००६ मध्ये बंद पडला, तरी फाइल्स लोकांच्या हार्ड डिस्कवर होत्या. फॅन्स एकमेकांना देत राहिले, नवे कोर्स बनवतही राहिले.

आज पब्लिश केलेले कोर्स कंपनीच्या सर्व्हरवर असतात. गेमचा नवा भाग येतो तेव्हा जुने कोर्स त्यात आणायची सोय कधी कधी मिळते, ‘२के२३’मध्ये ‘२के२१’चे कोर्स आणता यायचे. पण ते कंपनी ठरवते, बनवणारा नाही. सर्व्हर बंद झाला की कुणाचं वर्षभराचं काम एका दिवसात जाऊ शकतं.

लिडो परत आला कारण त्याचे फोटो आणि नकाशे शंभर वर्षं कुणी ना कुणी सांभाळले होते. त्यामुळे यंदाचे आवडते कोर्स निवडताना फॅन्सनी एक काम सोबत करावं. स्क्रीनशॉट, प्रत्येक होलचा नकाशा आणि खेळतानाचा व्हिडिओ आपल्याकडे उतरवून ठेवावा. सर्व्हर गेला तरी पुढच्या कुणा फ्लोरीला हाताशी काहीतरी लागेलच.