नियमबद्ध जगातला मोकळा माणूस

माणसाचा प्रत्येक निर्णय मेंदूतल्या घडामोडींतून उगवतो आणि त्या घडामोडींनाही आधीची कारणे असतात, असे एकदा मान्य केले की नीती, जबाबदारी, पश्चात्ताप या साऱ्यांचा पाया खचतो, अशी भीती अनेकांना वाटते. ईश्वर आणि परलोक बाजूला ठेवणाऱ्या मानवतावाद्याला तर हा प्रश्न अधिकच जाचतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरणच लिहिले. कर्माच्या साखळीत अडकलेल्या माणसाची सुटका त्यांनी आत्म्याच्या स्वातंत्र्यात पाहिली. मानवतावादी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांना ती वाट बंद होती, कारण ते पक्के भौतिकवादी होते. तरीही डिसेंबर १९४६ मध्ये रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुंबई अधिवेशनात मांडलेल्या बावीस सूत्रांत त्यांनी विश्वाची नियमबद्धता आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी एकाच दमात स्वीकारल्या. विवेकबुद्धी हा निसर्गातूनच उत्क्रांत झालेला जैविक गुण आहे, म्हणून या दोहोंत विरोध नाही, असे त्यांचे म्हणणे. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा शास्त्रपारंगत पंडित या विचाराकडे ओढला गेला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. रॉय यांचे म्हणणे मला बरोबर वाटते, आणि मेंदूविज्ञानाने ते खोडून काढले असा जो समज पसरला आहे तो तपासायला हवा.

हा समज मुख्यतः बेंजामिन लिबेट या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९८३ मधल्या प्रयोगावर उभा आहे. मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि तशी इच्छा झाली त्या क्षणी तबकडीवरचा फिरता ठिपका कुठे होता ते सांगा, एवढेच सहभागी व्यक्तींना करायचे होते. हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत्-लहर चढू लागे, इच्छेची जाणीव मात्र हालचालीच्या जेमतेम एक-पंचमांश सेकंद आधी होई. मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ही लहर म्हणजे झालेला निर्णय असेलच असे नाही. मेंदूतले स्वाभाविक चढउतार एका पातळीपाशी पोहोचतानाही नोंदी तशाच दिसतील. २०१९ मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी दोन सामाजिक संस्थांपैकी कोणाला देणगी मिळावी हे लोकांना ठरवायला लावले. निवडीला काही अर्थ नव्हता तेव्हा ती लहर दिसली. निवडीने खरोखर फरक पडणार होता तेव्हा ती जवळजवळ दिसलीच नाही. विचारपूर्वक घेतलेले निर्णय अकारण असतात, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. पण मनगट कधी हलवायचे यावरून माणसाच्या नैतिक आयुष्याचा निवाडा करता येत नाही, एवढे नक्की.

अकारण निर्णय हवा तरी कशाला? जो निर्णय कशातूनच आला नाही, तो माझाही नाही. घरच्यांच्या धाकाने आंतरजातीय लग्नाला नकार देणारी मुलगी आणि त्या मुलाचा स्वभाव पारखून नकार देणारी मुलगी, दोघींच्या नकाराला कारणे आहेत. फरक एवढाच, की दुसरीसमोर नवी माहिती आली तर तिचा निर्णय बदलू शकतो, पहिलीसमोर कितीही युक्तिवाद ठेवा, व्यर्थ. कारणांच्या गर्दीत विवेकालाही जागा असणे, यालाच मी स्वातंत्र्य म्हणतो. ते कमीजास्त असते, आणि वाढवता येते.

यावरचा सर्वांत कठीण आक्षेप असा, की ही पारखण्याची शक्तीदेखील आनुवंशिकता, घर आणि शाळा यांची देणगी. ती कोणी निवडलेली नसते. हे मला पूर्ण मान्य आहे. त्याची किंमतही मोजायला हवी: गुन्हेगाराने केवळ भोगावे म्हणून त्याला यातना द्याव्यात, या सूडाच्या न्यायाला आधार उरत नाही. जबाबदारी मात्र उरते. कायदा मनोरुग्णाला किंवा सात वर्षांखालच्या मुलाला दोषी धरत नाही, ते त्यांच्या कृतीला कारण होते म्हणून नव्हे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ एवढेच विचारते, की मनोविकारामुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे समजण्याची क्षमताच त्या वेळी नव्हती का. आणि सगळे आधीच ठरलेले असेल तर धडपड कशाला, ही बुद्धकालीन विचारवंत मक्खली गोसालाच्या नियतिवादापासून चालत आलेली शंका धडपडीलाच कारणांतून वगळते. प्रयत्न हेही कारणच आहे. तो काढून घेतला तर फळ बदलते. म्हणूनच समज वाढवणारे शिक्षण रॉय यांना सत्तेपेक्षा निकडीचे वाटले, आणि १९४८ च्या अखेरीस त्यांनी स्वतः उभा केलेला पक्ष विसर्जित करून उरलेली वर्षे त्याच कामाला दिली.