शेवटची शिडी राहिली

पावसाळ्यात डोंगरावर जाऊ नका, दसरा झाला की खुशाल जा, असं आपण एकमेकांना सांगतो. मीही सांगत असे. आज ते थोडं दुरुस्त करायचं आहे.

२०२४च्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी मी कळसूबाईवर निघालो. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. माझं वय सत्तावन्न, गुडघ्यांचं त्याहून जास्त. पायथ्याच्या बारी गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून सोबत होता. मला तो चाचा म्हणे. सकाळी सहाला निघू असं त्याने बजावलं होतं. माझा चहा, माझी वही, माझी टोपी यांच्या नादात साडेसात वाजले. हा दीड तास ध्यानात असू द्या.

भातखाचरांवर धुकं बसलं होतं. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर निवते, तिला टेकलेली हवाही निवते आणि थंड हवा जड म्हणून खोलगट जागी साचते. थोडं चढताच आम्ही त्या धुक्यातून वर आलो, तर डोक्यावर लख्ख ऊन. उतारावर सोनकीची पिवळी फुलं अजून तग धरून होती. दहा वाजेतो टाळू तापली.

खरी मेख या उन्हातच आहे. जुलैत पश्चिमेचा वारा समुद्रावरून ढग लोटत आणतो. ते सह्याद्रीवर आडवे पसरतात आणि दिवस दिवस झोडपतात, पण त्यात गडगडाट फारसा नसतो. ऑक्टोबरात तो वारा माघार घेतो. आभाळ उघडतं, ऊन तापतं. जमीन मात्र अजून ओलीच. मग तापलेली दमट हवा सरळ उभी वर चढते आणि डोंगराचा उतार तिला आणखी वर ढकलतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढत जाते. ढग दहा-बारा किलोमीटर उंच गेला की त्यात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटतात आणि वीज साठते. ऊन तापायला वेळ लागतो, म्हणून हा ढग बहुधा दुपारनंतर फुटतो. हस्त-चित्राचा पाऊस सकाळी कामं उरकू देतो, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

अकराच्या सुमारास पूर्वेला कापसाचा बोळा दिसला. अर्ध्या तासात त्याचा फ्लॉवरचा गड्डा झाला. मी उपमा वहीत टिपून घेतली. वाटाड्या नुसता बघत होता.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. तिथे पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. ढगाचा तळ शाईसारखा. वीज चमकली आणि पोरगा मोजू लागला. अठ्ठावीसला आवाज आला. लहानपणी आमचे अब्बाही असेच मोजत, पण ते आम्हा भावंडांची भीती घालवायला. याचा हिशेब होता. आवाजाला किलोमीटरभर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज नऊ-दहा किलोमीटरवर. आकडा तिसाच्या आत आला, की आपण तिच्या टप्प्यात आलो असं धरायचं.

देवीचं मंदिर वरच होतं. फार तर वीस मिनिटं. मी म्हणालो, ‘पटकन जाऊन येऊ.’

‘चाचा, वर लोखंडाची शिडी, पुढं उघडं टोक. खालच्या शिड्याबी लोखंडाच्याच हायेत. पाऊस यायच्या आत त्या उतराया पायजेत. देवी कुठं पळून चाललीय?’

खरं सांगतो, मला राग आला. सत्तावन्नाव्या वर्षी ‘पुन्हा येऊ’ म्हणणं सोपं नसतं. रागातच उतरलो.

खालची शेवटची शिडी सुटली तेव्हा आकडा नवावर आला होता. त्याने मला धारेवरून बाजूला, एका खोलगट जागी नेलं. एकट्या उभ्या झाडाखाली जाऊ दिलं नाही. माझी धातूची काठी लांब ठेवायला लावली आणि स्वतः दहा-बारा पावलांवर जाऊन पाय जुळवून उकिडवा बसला. मी म्हटलं, जवळ ये. तर म्हणाला, ‘एकावर पडली तर दुसरा उठवाया पायजे.’ बरोबर होतं त्याचं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात करायची असते. लोक भीतीने लांब उभे राहतात आणि तेवढ्यात माणूस जातो.

मग एकदा अशी चमकली की मोजायला एकही आकडा मिळाला नाही.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास त्याने उठू दिलं नाही. उठलो तेव्हा आभाळ मोकळं, अलंग-मदन-कुलंग धुऊन ठेवल्यासारखे समोर. मी एकदा शिखराकडे पाहिलं. तो मात्र झपाझप खाली निघाला होता. इतकी घाई का, ते गावात आल्यावर कळलं.

त्याचं भात आदल्या दिवशी कापून खाचरात पडलं होतं. सहाला निघालो असतो तर एकपर्यंत परतून तो ते उचलणार होता. आई आणि बायकोने जमेल तेवढे भारे घरात नेले होते. उरलेलं भिजून चिखलाला टेकलं होतं. असं भात तसंच राहिलं तर दाण्याला मोड येतात. हे त्याने डोंगरावर एका शब्दाने काढलं नव्हतं.

त्याची आई मला बघून सुनेला म्हणाली, ‘चाचा भिजल्यात, चहा ठेव.’

मी वही पिशवीत टाकली, बांधावर बूट काढले आणि चहा उतरेतो त्यांच्यासोबत ओल्या पेंढ्या उचलू लागलो.