राणी हिराई आणि तिचे तीन शेजारी

चैत्रात आपल्या मुलचेऱ्याच्या गटांतल्या कितीतरी बाया महाकालीच्या यात्रेला चंद्रपूरला जातात. आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर करत गाडी पोचते. दर्शन झाले की अंचलेश्वर दरवाज्याजवळची दगडी समाधी बघायची, आणि कुणीतरी सांगते, "राणीने नवऱ्यासाठी बांधली." गोष्ट तिथेच संपते. आम्हालाही बरीच वर्षे तेवढेच माहीत होते. आज त्या राणीने राज्य कसे राखले, ते सांगतो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. चांद्याला गोंड राजा बीरशहा राज्य करत होता. आपला हा सगळा जंगलपट्टा त्या राज्यात होता. पण राज्याच्या भोवती तीन बलाढ्य शेजारी होते. पहिला दिल्लीचा बादशहा. 1667 मध्ये त्याचा सरदार दिलेरखान फौज घेऊन आला आणि चांद्याकडून मोठी खंडणी घेऊन गेला. दुसरा शेजारी देवगडचा, तोही गोंड राजाच. देवगडच्या बख्त बुलंदने गादीसाठी औरंगजेबाचा आधार घेतला होता आणि त्यासाठी धर्मही बदलला होता. पुढे नागपूर शहर वसवले ते त्यानेच. तिसरे मराठे. कान्होजी भोसले वऱ्हाडात भामला ठाण मांडून बसला होता आणि तिथून त्याच्या स्वाऱ्या गोंडवनात येत होत्या.

देवगड आणि चांदा तर सोयरे. त्या काळी राजाराजांत मैत्री करायची म्हणजे लेक द्यायची किंवा सून आणायची. बीरशहाची मुलगी मानकुंवर देवगडच्या दुर्गशहाला दिली होती. लोक सांगतात की सासरी तिचा अपमान झाला, तिने माहेरी निरोप धाडला आणि बाप फौज घेऊन निघाला. लढाईत जावयाचे मुंडके कापून त्याने महाकालीला वाहिले म्हणतात. देवळावर दगडी मुंडके देवगडकडे तोंड करून बसवले, तेही त्यावरूनच. सोयरीक मोडली आणि मित्र गेला, वैरी झाला. मानकुंवरचे पुढे काय झाले, हे मात्र कथेत कुणी सांगत नाही. बाईच्या अपमानावरून लढाई होते आणि बाईच गोष्टीतून गळते.

बीरशहाला मुलगा नव्हता. तो दुसरे लग्न करायला निघाला, तेव्हा त्याच्याच विश्वासातल्या हिरामण नावाच्या माणसाने त्याला मारले, अशी कथा आहे. मागे उरली राणी हिराई. राजा नाही, वारस नाही, आणि तीन शेजाऱ्यांची नजर राज्यावर.

तिने काय केले? चंदनखेड्याहून नात्यातला एक मुलगा आणला, दत्तक घेतला आणि गादीवर बसवला. तोच रामशहा. तो लहान होता, म्हणून कारभार हिराईने पाहिला. आमच्या मते समाधी आणि देवळे बांधली त्याहून हे काम मोठे. घरात वारसाचे भांडण उरले नाही, म्हणून कुणा शेजाऱ्याला मध्ये पडायला जागा राहिली नाही. 1707 मध्ये औरंगजेब गेला, दिल्लीचा धाक ओसरला आणि मराठ्यांचा वाढला. 1718 च्या मराठे-मोगल बोलणीत गोंडवनातले मराठ्यांचे हक्क मान्य करण्याची अटही होती. पण चांद्याची गादी हिराईच्या हयातीत हलली नाही.

देवगडला उलटे घडले. 1739 मध्ये तिथला राजा चांद सुलतान वारला. वलीशहाने गादी बळकावली. राजाची विधवा रतनकुंवर हिने आपल्या दोन मुलांसाठी रघूजी भोसल्याला बोलावले. रघूजीने वलीशहाला संपवले, मुलांना गादी दिली, मोठे बक्षीस घेतले आणि वऱ्हाडात परतला. इथवर ठीक. पण पुढे ते दोघे भाऊच भांडले आणि 1743 मध्ये रघूजीला पुन्हा बोलावणे गेले. या वेळी तो परत गेला नाही. अकबरशहा परागंदा झाला, बुऱ्हाणशहाला राजा हे नाव आणि पेन्शन उरले, आणि कारभार भोसल्यांकडे गेला. रतनकुंवरला आम्ही दोष देत नाही. लेकरांच्या जिवावर बेतल्यावर आई जिथून मदत मिळेल तिथून घेणारच.

चांद्यालाही याची झळ बसली. रामशहाचा मुलगा नीलकंठशहा देवगडच्या भांडणात भोसल्यांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. उत्पन्नाचा मोठा हिस्सा लिहून द्यावा लागला. पुन्हा उठाव केला, तेव्हा 1751 मध्ये राज्यच गेले. हिराईने राखलेली गादी तिच्या नातवाच्या हातून अशी गेली.

पुढच्या यात्रेत गाडी बल्लारपूरला थांबली, की वर्धा नदीच्या काठावरचा किल्ला बघा. नीलकंठशहाला कैदेत ठेवले होते ते तिथेच.