नॉटिंगहॅमचा तीन गिअरचा हब

जुन्या इंग्लिश रॅले सायकलच्या मागच्या हबवरची मळी रॉकेलच्या फडक्याने पुसली, की 'स्टर्मी-आर्चर' हे नाव उमटतं. शेजारी 'एडब्ल्यू' ही अक्षरं आणि काही आकडे असतात. ते ६४ आणि ५ असतील तर हा हब १९६४ च्या मे महिन्यात नॉटिंगहॅमला तयार झाला. इतक्या वर्षांनी गिअर पडत नाहीत म्हणून असा हब भंगारात देणारे लोक पाहिले की जीव तुटतो. बहुतेक वेळा त्याला फक्त तेल हवं असतं.

रॅलेचे मालक फ्रँक बोडेन यांनी १९०२ मध्ये स्टर्मी-आर्चर कंपनी उभी केली. नाव पडलं हेन्री स्टर्मी या सायकल-पत्रकाराचं आणि जेम्स आर्चर या अभियंत्याचं. पण प्रत्यक्ष विकला गेलेला तीन गिअरचा हब मुख्यतः विल्यम रायली यांच्या डोक्यातून आला होता. आधीच्या एका करारात अडकल्यामुळे त्यांना स्वतःच्या नावाने पेटंट घेता आलं नाही, ते आर्चर यांच्या नावावर गेलं. हबवर रायलींचं नाव कधीच आलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

एडब्ल्यू हे मॉडेल १९३६ चं. आसाला पक्का बसलेला २० दातांचा मधला चक्का, त्याभोवती फिरणारे २० दातांचेच चार छोटे चक्के आणि या सगळ्यांना वेढणारं ६० दातांचं कडं, एवढाच त्याचा संसार. चेनचा जोर छोट्या चक्क्यांना धरणाऱ्या पिंजऱ्याला दिला तर कडं एक तृतीयांशाने जास्त फिरतं. हा तिसरा गिअर. जोर कड्याला दिला आणि चाक पिंजऱ्याने ओढलं तर वेग पाऊणपट होतो. हा चढाचा पहिला. दुसऱ्यात जोर सरळ चाकाला जातो.

उघडण्याआधी हब ऐकावा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पायडल मारताना आतून टिकटिक यायला हवी, पहिल्यात शांतता. दुसऱ्या-तिसऱ्यात टिकटिक नसेल तर पहिल्या गिअरचे कुत्रे, म्हणजे स्प्रिंगवर उठणारे छोटे खटके, जुन्या तेलाच्या चिकट थरात अडकलेले असतात, आणि चढावर पायडल नुसतं फिरतं. अशा वेळी हबवरच्या तेलाच्या भोकातून थोडं रॉकेल सोडावं, चाक फिरवावं, मळ बाहेर येऊ द्यावा आणि मग मशीनचं पातळ तेल घालावं. पुष्कळ हब एवढ्यावरच मार्गी लागतात.

नाहीच लागला तर ओव्हरहॉल. उजवीकडची, गिअरच्या केबलला जोडलेली बारीक साखळी आधी सोडवावी, ती वाकली तर पुढचं सगळं वाया. मग आसावरचा डावा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा नट, काढावा. उजव्या बाजूच्या छर्ऱ्यांच्या कड्याला खाचा असतात. खाचेत पंच टेकवून हातोडीने डावीकडे ठोकलं की ते सैल होतं. वर्षानुवर्षांच्या पायडलने ते आवळत गेलेलं असतं, त्यामुळे ठोके चांगले जोरकस लागतात. पण त्याआधी कड्यावर आणि हबवर समोरासमोर एक खूण करावीच. त्या आट्यांना दोन सुरुवाती आहेत. कडं दुसऱ्या सुरुवातीतून बसलं तर रिम किंचित एका बाजूला सरकते, आणि मिस्त्री विनाकारण स्पोक आवळत बसतो.

कडं सुटलं की आतला सगळा डोलारा एकसंध हातात येतो. खाली पांढरं कापड पसरलेलं हवं, कारण कुत्र्यांच्या मागच्या स्प्रिंगा मिशीच्या केसाएवढ्या बारीक असतात आणि फरशीवर पडल्या तर सापडत नाहीत. सगळं रॉकेलमध्ये धुऊन कुत्र्यांच्या कडा बोटाने तपासाव्या. धार गोल झाली असेल तर कुत्रा बदलावा. छर्ऱ्यांना ग्रीस लावावं, कुत्र्यांना मुळीच नाही. ग्रीसने ते पुन्हा चिकटतात. बसवताना उजवा कोन बोटांनी आवळून अर्धा फेरा मागे घ्यावा आणि लॉकनटने पक्का करावा. चाकाचा ढिलेपणा फक्त डाव्या कोनाने साधावा.

भारतात आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातून रॅले सायकली आल्या, पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक एकाच गिअरच्या. म्हणून हा हब उघडलेले हात आपल्याकडे कमी. कंपनी २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेली आणि हब आता तिथे बनतात.

शेवटचं काम केबलचं. गिअर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून पाहावं. साखळीच्या दांड्याचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर यायला हवा. तो चुकला तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागेत गिअर सापडतो, उभं राहून पायडल मारणाऱ्याचा पाय एकदम खाली जातो आणि माणूस दांडीवर आदळतो. नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत ताणली जाते, त्यामुळे हे माप थोडं चालवून पुन्हा घ्यावं लागतं.