ब्रेक ऑइलचे वय
ब्रेक ऑइल हे नावापुरतेच तेल. प्रत्यक्षात तो हवेतला ओलावा शोषणारा ग्लायकॉलयुक्त द्रव आहे. त्यामुळे गाडी उभी असली तरी तो जुना होतच राहतो. 'डॉट ४' प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा मानदंड आहे, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की द्रव तापून उकळतो. वाफ दबते, पेडल तळाला जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. थंड झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागते. म्हणून गॅरेजात दोष सापडत नाही. यासाठी मी किलोमीटरऐवजी वर्षे मोजायला सांगतो: साधारण दोन वर्षांनी द्रव बदलावा, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.