अॅल्युमिनियमच्या होडीला भोके का पडतात?

अॅल्युमिनियम गंजत नाही, असे सर्रास समजले जाते. तरी अमेरिका-कॅनडातील तळ्यांवर मासेमारीला वापरलेली जुनी होडी दुरुस्तीला काढली, की तळाशी बारीक खळगे आणि पांढरी भुकटी बऱ्याचदा सापडते.

हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. तो जखमेवरच्या खपलीसारखा असतो. खरवडला तरी पुन्हा धरतो आणि आतला धातू राखतो. घात होतो तो शेजाऱ्यामुळे. तांबे किंवा पोलाद अॅल्युमिनियमला टेकले आणि मध्ये पाणी, त्यातही खारे, शिरले की छोटी बॅटरीच तयार होते. टॉर्चच्या साध्या सेलमधले जस्ताचे कवच जसे झिजते, तसे इथे अॅल्युमिनियम झिजते.

म्हणूनच होडीत नवी लाकडी फळी बसवताना तांब्याची संयुगे मुरवलेले लाकूड टाळावे लागते. ओल धरली की त्यातून तांबे झिरपते. तळाला तांबेयुक्त रंगही चालत नाही. सैल झालेले रिव्हेट बदलताना अॅल्युमिनियमचेच घ्यावेत. स्टीलचे बोल्ट लावायचेच, तर दोन धातूंमध्ये नायलॉनचा वॉशर हवा. नव्या आसनांपेक्षा, रंगसंगतीपेक्षा हे काम कितीतरी महत्त्वाचे. रंगालाही ऑक्साइड आडवे येते. पत्रा घासल्यावर एचिंग प्रायमर (धातूला धरून बसणारा रंगाखालचा पहिला हात) लगेच मारावा, कारण नवा थर क्षणार्धात धरू लागतो.