शिक्षा चव्हाट्यावरून भिंतीआड

नागपूरच्या महाल भागात भोसल्यांचा वाडा आहे, तर सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला. तिसऱ्या रघूजीराजांचे १८५३ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये शहरात उठावाचा बेत शिजला. तथापि महालातील वाड्यातून बांकाबाईसाहेबांनी त्याला साथ दिली नाही व तो फसला. त्यानंतर नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना फासावर चढविण्यात आले. किल्ल्याच्या तटावर ही फाशी दिली गेली, असे सांगितले जाते. या नऊ जणांचे स्मारक आजही किल्ल्यात आहे. फाशीसाठी उंच जागा निवडण्याचा अर्थ उघड असतो. शिक्षा अपराध्याला होते, परंतु ती दाखवायची असते शहराला.

ही रीत इंग्रजांनी आणलेली नव्हती. मराठेशाहीत कडेलोट आणि हत्तीच्या पायी देणे या शिक्षा सर्वांना ठाऊक होत्या. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याचा सूड म्हणून यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले आणि १८०२ मध्ये पेशव्यांना पळ काढावा लागला. जरब बसविण्यासाठी दिलेली शिक्षा राज्यावरच कशी उलटते, याचे हे ठळक उदाहरण होय.

प्राचीन ग्रीसकडे पाहिल्यास हाच प्रश्न दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीही उभा होता, असे दिसते. अथेन्समध्ये अपराध्यांना लोटून देण्यासाठी ‘बाराथ्रॉन’ नावाची खोल दरी होती. तिला तिथला टकमक टोकच म्हणावे. दुसऱ्या पद्धतीत गुन्हेगाराला उभ्या फळीवर मान, मनगटे आणि घोटे लोखंडी कड्यांनी जखडून मरेपर्यंत तसेच ठेवीत. अथेन्सच्या समुद्रकाठी फालेरॉन येथे १९१५ मध्ये असे लोखंडी अवशेष असलेले सतरा सांगाडे सापडले. तेथेच २०१६ मध्ये इसवी सनपूर्व सातव्या शतकातील सुमारे ऐंशी सांगाडे ओळीने पुरलेले आढळले. त्यांपैकी अनेकांचे हात बेड्यांनी बांधलेले होते.

पुढे इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस विषाचा प्याला आला. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाने तुरुंगात, मित्रांच्या सोबतीत, हेमलॉक प्राशन केले. पायांपासून वर चढत जाणारा बधिरपणा हे त्या मृत्यूचे वर्णन प्लेटोने केले आहे. वरकरणी ही पद्धत सौम्य होती. पण ती सर्वांच्या वाट्याला येत नसे. चोर, दरोडेखोर अशा सामान्य गुन्हेगारांसाठी फळी कायमच राहिली. इसवी सनपूर्व ३१८ मध्ये फोकिओन या सेनानीच्या वेळी विष कमी पडले, तेव्हा आणखी विष देण्यापूर्वी बारा द्राख्मांची मागणी झाली, असे प्लुटार्क सांगतो. मृत्यू कसा येणार, हे गुन्ह्याबरोबरच गुन्हेगाराची प्रतिष्ठा आणि पैसाही ठरवीत असे.

नागपुरात शिक्षेने हाच प्रवास तटावरून भिंतीआड केला. मध्यवर्ती कारागृह १८६४ मध्ये उभे राहिले. १९४२ च्या आंदोलनाने महाल भाग पेटला, तेव्हा हिंदुस्थान लाल सेनेचे तरुण कार्यकर्ते शंकर महाले यांना फाशीची शिक्षा झाली. १९ जानेवारी १९४३ रोजी त्यांना नागपूरच्या तुरुंगात, लोकांच्या नजरेआड फासावर देण्यात आले. तरीही शहर त्यांना विसरले नाही. मृत्यू लपविल्याने स्मृती लपत नाही.

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मृत्युदंड दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणापुरता मर्यादित केला आणि १९८३ मध्ये फाशीची पद्धत वैध ठरविली. राजस्थानातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने जाहीर फाशीचा आदेश दिला, तेव्हा १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रानटी प्रथा असल्याचे सांगून तो रोखला. गळफासाची तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच कारागृहांत आहे. नागपुरात ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला फाशी देण्यात आली.

गर्दीसमोरच्या शिक्षेत क्रौर्य उघडे दिसत असे. बंद दाराआडच्या शिक्षेत ते दिसत नाही, म्हणून ते संपले असे मात्र नव्हे. शिक्षा कोणत्या पद्धतीने दिली, यापेक्षा ती कोणाच्या वाट्याला येते आणि त्याला दाद मागण्याची पुरेशी संधी मिळाली का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. अथेन्सची फळी आणि प्याला यांतील फरक नेमका हेच शिकवतो.